वर फळं, खाली फरशी

ताई आली ती दार ठोकतच आली. बेल वाजवणं तिला पटत नसे. बेल म्हणजे ‘येऊ का’ असं विचारणं, आणि स्वतःच्या बापाच्या घरात आपण कुणाला विचारायचं? वहिनीनं दार उघडलं, तेव्हा हातातली पिशवीही खाली न ठेवता ताईनं भुवयांनीच विचारलं, कुठे आहेत? वहिनीनंही भुवयांनीच स्वयंपाकघर दाखवलं.

आतून ठक् ठक् असा आवाज येत होता.

“हे काय चाललंय?”

“पारी वाजवून बघतायत,” वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. “पोकळ लागली तर पुन्हा लाटतात.”

अण्णांनी उभं आयुष्य लोकांच्या घरांत फरश्या बसवण्यात घालवलं होतं. फरशी बसवून झाली की ती बोटांनी ठोकून बघायची, खाली पोकळी राहिली असली तर आवाजात कळते, ही त्यांची सवय. बायको गेल्यावर पहिलं वर्ष ते खिडकीत बसून राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती खिडकी काढून नव्यानं बसवली. तिसऱ्या वर्षी घरात काढून बसवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते पलीकडच्या रस्त्यावरच्या सभागृहात बेकिंगच्या वर्गाला जाऊ लागले. तिथे फळांचे टार्ट शिकवत. मैद्याची पारी साच्यात बसवून भाजायची, तिच्यात कस्टर्ड भरायचं आणि वर फळांच्या फोडी नक्षीत मांडायच्या. ‘मांडायच्या’ हा शब्द कानावर पडला आणि अण्णा जे कामाला लागले, ते थांबेचनात.

तेव्हापासून वहिनीचं स्वयंपाकघर वहिनीचं राहिलं नव्हतं. फ्रिजमध्ये दुधाच्या जागेवर मैद्याचे गोळे झोपलेले असत. डाळींच्या डब्यांमागून साचे डोकावत. औषधांच्या दुकानातली सकाळची पाळी संपवून ती घरी यायची, तर चहाचं आधण ठेवायलाही कोपरा मोकळा नसायचा. पण तक्रार तिच्या स्वभावात नव्हती. दुकानात दिवसभर “घ्या, बरं वाटेल” म्हणून म्हणून जिभेला तेच वळण पडलं होतं. अण्णा टार्ट पुढे करत आणि ती म्हणे, “छान झालंय हं.” आणि मग त्या ‘छान’चा पुढच्या आठवड्यात आणखी एक टार्ट होई.

गेल्या आठवड्यात मात्र फोनवर ताईपाशी तिचा बांध फुटला होता. कारण जेवता जेवता अण्णा म्हणाले होते, “रविवारी चार वाजता वर्गातल्या एक बाई येणार आहेत. सगळ्यांनी असा. मला काहीतरी सांगायचंय.” म्हाताऱ्या माणसाला कान लाल करून काय सांगायचं असतं, ते न कळायला घरात कुणी बाळ नव्हतं. या बाई गाडी चालवायला शिकवायच्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. धाकट्या नणंदेनं त्यांना न बघताच त्यांचं नाव ब्रेकबाई ठेवून टाकलं होतं.

आतल्या खोलीत बैठक बसली. पलंगावर ताई, खिडकीत धाकटी, खुर्चीवर वहिनीचा नवरा आणि उभी वहिनी.

“सरळ सांगते,” ताई म्हणाली. ती मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होती आणि तिची सगळीच बोलणी अशी सुरू होत. “त्या बाई या घरात येणार. आईच्या खोलीत राहणार. आईच्या ओट्यापाशी उभ्या राहणार. चालणार आहे तुम्हाला?”

“ओटा वहिनीचा आहे,” धाकटी म्हणाली. ती पोहायला शिकवायची. पंचेचाळिशी ओलांडली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. “आणि आल्या तर काय बिघडलं? अण्णा एकटे असतात.”

“एकटे कसे? ही दोघं नाहीत घरात?”

“ताई, घरात दोघं असणं वेगळं.”

“तू काय म्हणतोस?” ताईनं भावाकडे मोहरा वळवला.

वहिनीच्या नवऱ्याला सगळे मधला म्हणत. त्याचं कानाच्या यंत्रांचं दुकान होतं. दिवसभर गावाला ऐकायला लावून घरी आला की तो स्वतःचे कान मिटून घेई.

“कशाबद्दल?” मधला म्हणाला.

“घ्या!” ताईनं कपाळावर हात मारला. “निदान वहिनी तरी माझ्या बाजूनं आहे. एका स्वयंपाकघरात दोन बायका म्हणजे रोजचा शिमगा. हो ना गं?”

वहिनीनं मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे तिनं मुद्दामच नीट कळू दिलं नाही. तिला आपलं स्वयंपाकघर परत हवं होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. पण ते तोंडानं म्हटलं असतं तर आपण एका म्हाताऱ्याच्या सुखाच्या बदल्यात ओट्याची दोन फूट जागा मागतोय असं वाटलं असतं. आणि खरं तर ती तेच मागत होती.

शेवटी ठरलं, की ताईनं विषय काढायचा, वहिनीनं री ओढायची, मधल्यानं निदान हजर राहायचं. छोटी विरोधात बसणार हे तिनं आधीच जाहीर केलं. आणि वरात स्वयंपाकघराकडे निघाली.

अण्णा नाकावर चष्मा ठेवून ओट्यावर वाकले होते. टार्टच्या आरपार त्यांनी एक बारीक दोरी ताणून बांधली होती आणि त्या दोरीला धरून स्ट्रॉबेरीच्या फोडी एकेक करून बसवत होते. बाजूला कस्टर्ड सारवायची छोटी थापी. नवी होती, एवढीच वहिनीला समाधानाची बाब.

“अण्णा, जरा बोलायचं होतं,” ताई म्हणाली.

“बोल की. आधी हात धू. आणि बोलता बोलता ही संत्री सोल. पांढरा धागा राहता कामा नये हं, कडू लागतो.”

“अण्णा, विषय गंभीर आहे.”

“मग बारीक सुरी घे.”

अधीक्षकबाईंनी शेकडो मुलींना एका नजरेत गप्प केलं होतं. पण हातात कुणी संत्रं ठेवलं तर काय करायचं, याचा त्यांना सराव नव्हता. त्यांनी हात धुतले. छोटीला सफरचंदाची गुलाबं करायला बसवलं. पातळ काप गरम साखरपाण्यात मऊ करून एकात एक गुंडाळायचे, की पाकळ्या उमलल्यासारख्या दिसतात. मधल्याला द्राक्षं पुसायला दिली. विरोधाला आलेलं शिष्टमंडळ अशा रीतीनं मजुरीला लागलं, आणि वहिनीला स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं राहायला दाराची चौकट तेवढी उरली.

“मी काय म्हणते,” ताईनं दुसऱ्या संत्र्याला पुन्हा सुरुवात केली, “आईला जाऊन अजून—” आणि ती थांबली. मान तिरकी करून टार्टकडे बघू लागली. “अण्णा, ही ओळ सुटलीय.”

“कुठे?”

“ही. तिसऱ्या फोडीपासून. इकडून येऊन बघा.”

अण्णा तिच्या बाजूला आले. बापलेक डोक्याला डोकं लावून वाकले. “हो की,” अण्णा म्हणाले. “तुझी नजर तुझ्या आईवर गेलीय.” मग दोघांनी मिळून ती ओळ उचलली आणि पुन्हा बसवली. आणि मग ताईच म्हणाली की कडेला संत्र्याची फोड उलटी ठेवली तर जास्त उठून दिसेल. थोड्या वेळात ती अण्णांना बाजूला सारून स्वतःच फोडी लावत होती आणि तिच्या कपाळावर कस्टर्डचा टिपका होता.

“आईसाठी कधी केलं नाहीत असलं काही,” मान वर न करता ती म्हणाली. आवाज मात्र आता तक्रारीचा नव्हता.

“तुझ्या आईनं मला या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं असतं तर केलं असतं,” अण्णा म्हणाले. “इथली फरशी बसवली, तेवढाच मी आत. तेव्हासुद्धा बाहेर उभी राहून सांगत होती, ही वर आलीय, ती खचलीय.” पायाखालच्या फरशीकडे बघत ते म्हणाले, “आणि बरोबर सांगायची.”

तेवढ्यात छोटी गुलाबं ठेवायला ताटली शोधत टेबलाकडे वळली आणि किंचाळली.

“हा आईचा काचेचा स्टँड कुणी काढला?”

“मी,” अण्णा म्हणाले. “टार्ट ठेवायला.”

“त्या बाईंसाठी? अण्णा, हा आईनं माझ्या लग्नातसुद्धा काढला नव्हता!”

“म्हणून तर अजून धड आहे.”

छोटीचा चेहरा पडला. सकाळपासून अण्णांची बाजू लढवणारी छोटी हातातला गुलाब तसाच चुरडत म्हणाली, “मला वाटलं नव्हतं असं कराल. माणूस आणा, माझं काही म्हणणं नाही. पण आईच्या वस्तू?”

“मग काय स्टीलच्या ताटात ठेवायचा?” ताई फाडकन म्हणाली. “एवढी नक्षी केलीय ती दिसायला नको? कपाटात ठेवून त्या स्टँडची काय पूजा करायचीय?”

“ताई, तू आत्ता त्या खोलीत काय म्हणत होतीस?”

“ते माणसांबद्दल होतं. हे टार्टबद्दल आहे.”

द्राक्षं पुसता पुसता मधल्यानं दोन्ही बहिणींकडे आळीपाळीनं पाहिलं. “तुम्ही बाजू बदलल्या का?” त्यानं विचारलं. “नीट सांगा, म्हणजे मी कुठे नाही ते मला ठरवता येईल.”

चार वाजता बेल वाजली. बाई ठेंगण्या होत्या, केस कापलेले, पायात सपाट बूट. आत आल्यावर त्यांनी खोलीकडे नजर टाकली ती आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि मगच पुढे पाऊल टाकलं. ताईनं त्यांना बसू दिलं न दिलं आणि प्रश्नांच्या फैरी सुरू केल्या. घरी कोण असतं? कुणी नाही, मुलगा परदेशी. तब्येत? ठणठणीत. या वयात बेकिंग कशासाठी? खाण्यासाठी. ताईचा वेग वाढला, तसा बाईंचा उजवा पाय हळूच जमिनीवर दाबला गेला. ते वहिनीच्या नजरेत आलं. अण्णांच्याही आलं असावं, कारण ते मिशीत हसले.

मग टार्ट आला. काचेच्या स्टँडवर, अण्णांनी दोन्ही हातांनी धरलेला. कडेला संत्र्याच्या फोडींची झालर, आत स्ट्रॉबेरीची गोल गोल वळणं, त्यांच्या बेचक्यांत द्राक्षं आणि मधोमध सफरचंदाची गुलाबं. वरून जॅमचं पातळ पाणी फिरवल्यामुळे सगळं ओलं ओलं चमकत होतं. आईच्या स्टँडवरून नाराज असलेली छोटीसुद्धा पुढे सरकून बसली.

“वा,” बाई म्हणाल्या. “कापा.”

अण्णांनी सुरी टेकवली. सुरी घसरली. त्यांनी जोर दिला, तशी एक स्ट्रॉबेरी उडाली आणि मधल्याच्या सदऱ्यावर जाऊन बसली.

“सुरीला धार नाही,” अण्णा म्हणाले.

“हो, धारच गेलीय तिची,” वहिनी तत्परतेनं म्हणाली. “मी मगाशीच म्हणणार होते.”

बाईंनी सुरी हातात घेतली, धारेवरून अंगठा फिरवला आणि त्या उभ्या राहिल्या. दोन्ही हात टेकून अंगाचा सगळा भार सुरीवर टाकला. काडकन् आवाज झाला आणि टार्टचा एक तुकडा कापला न जाता फुटला. बाईंनी तो बशीत घेतला, चावला, पुन्हा चावला. त्यांचा जबडा एका जागी अडला, मग सुटला.

“कस्टर्ड उत्तम,” बाई म्हणाल्या. “नक्षी तर बघत राहावी अशी. पारी दगड आहे.”

इतके महिने जो शब्द घरातल्या प्रत्येकानं गिळला होता, तो या बाईंनी पहिल्याच घासाला बाहेर ठेवला होता.

“दगड?” अण्णा म्हणाले.

“मैदा तिंबता तुम्ही. सिमेंट कालवल्यासारखा. टार्टच्या पिठाला हात नुसता लागून जायला हवा.” मग त्या घरच्यांकडे वळल्या. “वर्गात पारी मी करते, नक्षी हे करतात. म्हणून मला कळायचं कारण नव्हतं. पण तुम्ही तर दर आठवड्याला खाता. काय सांगत होता यांना?”

ताईनं टेबलावरच्या बशा उगाच सरळ केल्या.

“छान,” वहिनी शेवटी म्हणाली.

“दर वेळी छान,” अण्णा म्हणाले. “आणि खात होतात ना?”

अनपेक्षितपणे मधलाच पहिल्यांदा बोलला. “मी दुकानात न्यायचो. दुकानाचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला पाचर म्हणून एक तुकडा अजून आहे.”

“मी वसतिगृहातल्या मुलींना वाटले,” ताई जमिनीकडे बघत म्हणाली. “मुलींना वाटलं शिक्षा आहे. हल्ली माझा धाक वाढलाय, तो त्यामुळेच.”

“आमच्या कुत्र्यानं बागेत पुरून ठेवलाय,” छोटी म्हणाली. “अजून उकरायला गेला नाही.”

सगळ्यांचे डोळे वहिनीकडे वळले.

“मी वरची फळं खायचे,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. “खालचं कागदात गुंडाळून केराच्या डब्यात.”

अण्णांनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. छोटी धावली, ताई उठली, “अण्णा, अहो अण्णा, असं नका ना,” आणि अण्णांनी हात बाजूला केला तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“दाराला पाचर!” ते म्हणाले. “अरे, आयुष्यभर बसवलेलं काही इतकं टिकलं नाही!” मग हसू ओसरल्यावर बाईंना म्हणाले, “बघितलंत? मी म्हणत होतो ते हेच. ही गेल्यापासून या घरात मला कुणी चुकलास म्हणत नाही. दवाखान्यात भेटायला आल्यासारखी बोलतात सगळी. छान अण्णा, हो अण्णा. म्हणून मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न नोंदवतोय. आणि मी यांच्याकडे राहायला जातोय.”

एकदम गिल्ला.

“तुम्ही जाताय?” ताई ओरडली. “त्या येणार नाहीत?”

“नाही.”

“असं कसं? इथे काय कमी आहे? आईची खोली रिकामीच तर आहे!”

ती खोली ताईनं सकाळी कशी वाचवली होती, हे आठवून छोटीनं तोंडावर हात ठेवला. पण ताईला आता कशाचंच भान नव्हतं. ती बाईंकडे वळली. “सरळ सांगते, तुम्हीच इथे या. वडिलांना असं उचलून नेतात का कुणी?”

आणि वहिनीनं पाहिलं, की आपणही पुढे झालो आहोत. “स्वयंपाकघर मोठं आहे,” ती म्हणत होती. “निम्मा ओटा मी मोकळा करून देते. डाळींचे डबे खाली जातील.” हे आपण बोलतोय? इतके महिने ज्या ओट्यासाठी जीव तळमळला, तोच आपण दान करतोय? पण शब्द थांबत नव्हते. “साचे राहू देत तिथेच. मला काही अडचण नाही त्यांची.”

बाईंचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला.

“हळू,” त्या म्हणाल्या. “मी एकदा दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात राहिले आहे. जाऊबाई होत्या माझ्या. आम्ही दोघीही चांगल्या होतो. तरी चमचे कुठे ठेवायचे यावरून मनं अशी उतरली, की पुन्हा चढली नाहीत. तुमचं माझं तसं व्हायला नको.” आणि वहिनीच्या हातावर थोपटून म्हणाल्या, “माझं घर दोन चौक पलीकडे आहे. चालत या. हेही येतील.”

मधला सदऱ्यावरची स्ट्रॉबेरी उचलून बशीत ठेवत म्हणाला, “अण्णा, मला नाही आवडलं.”

“काय?”

“तुम्ही जाताय ते.” त्यानं बोटं पुसली. “पण जा.”

सकाळपासून त्यानं ऐकायचा एक शब्दही चुकवला नव्हता, हे तेव्हा वहिनीला कळलं.

मग सगळ्यांनी चमचे घेतले आणि फळं नि कस्टर्ड वरच्या वर खाऊन टाकलं. पारी तेवढी काचेच्या स्टँडवर उरली, नुकतं लिंपण उडालेल्या जमिनीसारखी. बाई निघाल्या, त्यांना पोचवायला ताई खालपर्यंत गेली आणि बराच वेळ वर आली नाही. छोटीनं खिडकीतून पाहून बातमी दिली, की ताई हातवारे करते आहे आणि बाईंचा पाय दाबलेला आहे.

वहिनी भांडी घासायला लागली. अण्णा पंचा घेऊन शेजारी उभे राहिले आणि एकेक भांडं पुसू लागले. आईचा स्टँड त्यांनी दोन वेळा पुसला.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“तू वरची फळं खातेस ते. केर मीच खाली नेतो ना. एकदा कागद फाटला, तर आत टकली पारी. मला वाटलं, तुला मैदा सोसत नसेल.”

वहिनीचे कान तापले. “मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

वहिनीनं आधीच घासलेला साचा पुन्हा घासायला घेतला.

“मग मी फळं जास्त लावायला लागलो,” अण्णा म्हणाले. “नक्षीत बसत नसली तरी एक ओळ दाटीनं घालायचो. म्हटलं, निदान पोट भरावं तुझं.”

वहिनीचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. अण्णांनी पुसलेली बशी ठेवली, दुसरी उचलली.

“पुढच्या रविवारी येईन तेव्हा करून आणीन. पारी यांच्या हातची, नक्षी माझी. चालेल?”

“छा—” वहिनीच्या तोंडून निघालं, आणि तिनं ते तिथेच तोडलं. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, आणि अण्णांकडे नीट वळून ती म्हणाली, “अण्णा, किवी नका घालू. मला किवी कधीच आवडली नाही.”

“कधीच?”

“कधीच. दर वेळी डोळे मिटून गिळायचे.”

अण्णांनी पंचा खांद्यावर टाकला. कोपऱ्यातलं स्टूल पायानं पुढे ओढलं आणि ते त्यावर ऐसपैस बसले.

“आणखी?” ते म्हणाले. “सांग, सांग. सगळं सांग.”